गॅरिंचा : आकडेवारीत न मावणारा फुटबॉलपटू

फुटबॉलच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा वाद दर चार वर्षांनी विश्वचषक स्पर्धेच्या तोंडावर नव्याने रंगतो. कोलकाता, केरळचा मलबार प्रदेश आणि गोवा येथील गल्ल्यांमध्ये ब्राझील आणि अर्जेंटिनाचे ध्वज फडकू लागले, की पेले, दिएगो मॅराडोना आणि लिओनेल मेस्सी ही तीन नावे हमखास चर्चेत येतात. भारतात विश्वचषकाचे सामने मोठ्या प्रमाणावर घरोघरी पाहिले गेले ते १९८६ च्या मेक्सिको स्पर्धेपासून. त्याआधीच्या खेळाडूंपैकी येथील सर्वसामान्य रसिकाला प्रामुख्याने पेले यांचेच नाव परिचित राहिले. १९७७ मध्ये ते कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध खेळलेही होते. ब्राझीलमधील जुन्या रसिकांसमोर मात्र हाच प्रश्न ठेवला, तर पेले यांच्या नावाला जोडून, आणि काही वेळा त्याच्याही आधी, आणखी एक नाव घेतले जाते. ते नाव म्हणजे गॅरिंचा.

१९५८ आणि १९६२ अशा सलग दोन विश्वचषकांच्या विजयात गॅरिंचा यांचा मोलाचा वाटा होता. पेले आणि गॅरिंचा हे दोघेही मैदानात असताना ब्राझीलचा संघ एकदाही पराभूत झाला नाही. असे असूनही आंतरराष्ट्रीय कारकिर्दीत त्यांच्या नावावर ५० सामन्यांत केवळ १२ गोल आहेत, तर पेले यांच्या नावावर ९२ सामन्यांत ७७. गोल, पदके आणि कारकिर्दीची लांबी या तीन मापांनी खेळाडूचे मोठेपण मोजण्याची आजची रीत आहे. ही मापे कोठे अपुरी पडतात, हे समजून घेण्यासाठी गॅरिंचा यांच्या जीवनाकडे पाहणे उपयुक्त ठरते.

मानुएल फ्रान्सिस्को दोस सान्तोस हे त्यांचे मूळ नाव. रिओ दि जानेरो शहरापासून काही अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पाउ ग्रांदे या गावात २८ ऑक्टोबर १९३३ रोजी त्यांचा जन्म झाला. हे गाव एका कापडगिरणीभोवती वसलेले होते. कामगारांची घरे, दुकाने आणि फुटबॉलचे मैदान असे सारे काही गिरणीच्याच मालकीचे होते. अनेक भावंडांच्या या कुटुंबात पैशाची चणचण कायमचीच होती आणि वडिलांना मद्याचे व्यसन होते. चणीने लहान असलेल्या मानुएलला त्यांच्या बहिणीने गॅरिंचा या नावाने हाक मारण्यास सुरुवात केली. त्या भागात आढळणाऱ्या एका चिमुकल्या, तपकिरी रंगाच्या पक्ष्याचे ते नाव होते. पुढे साऱ्या जगाने त्यांना याच नावाने ओळखले.

त्यांचे पाय जन्मतःच वाकडे होते. उजवा पाय आतल्या बाजूला आणि डावा बाहेरच्या बाजूला झुकलेला होता. एक पाय दुसऱ्यापेक्षा काही सेंटिमीटरने आखूड होता आणि पाठीच्या कण्यातही दोष होता. असा मुलगा व्यावसायिक फुटबॉल खेळू शकेल, असे कोणत्याही वैद्यकीय तपासणीतून निष्पन्न झाले नसते. चौदाव्या वर्षी ते गिरणीत कामाला लागले. कामात त्यांचे लक्ष नव्हते, परंतु गिरणीच्या संघासाठी त्यांचा खेळ आवश्यक असल्याने नोकरी टिकून राहिली. मासेमारी, पक्षी पकडणे आणि सवंगड्यांबरोबर फुटबॉल खेळणे यात ते समाधानी होते. रिओतील मोठ्या क्लबांच्या निवड चाचणीस जाण्याची ओढ त्यांच्यापेक्षा त्यांच्या मित्रांनाच अधिक होती. एका क्लबमध्ये सोबत बूट न नेल्याने त्यांना परत पाठवण्यात आले आणि दुसऱ्या ठिकाणी गावाकडची गाडी चुकू नये म्हणून ते चाचणी अर्धवट सोडून निघाले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते.

१९५३ मध्ये बोताफोगो क्लबच्या मैदानावर झालेली चाचणी ब्राझीलच्या फुटबॉल इतिहासात प्रसिद्ध आहे. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातील बचावपटू निल्टन सान्तोस यांना या नवख्या खेळाडूसमोर उभे करण्यात आले. गॅरिंचा यांनी चेंडू त्यांच्या दोन पायांमधून काढला आणि ते पुढे निघून गेले. निल्टन सान्तोस यांनी मनात राग न धरता, या मुलाला तातडीने करारबद्ध करावे असा आग्रह व्यवस्थापनाकडे धरला. हा खेळाडू प्रतिस्पर्धी संघात जाण्यापेक्षा आपल्या बाजूने असलेला बरा, हे त्यांनी ओळखले होते. दोघांची मैत्री पुढे आयुष्यभर टिकली. त्याच वर्षी जुलैमध्ये बोन्सुसेसो संघाविरुद्धच्या पहिल्याच अधिकृत सामन्यात गॅरिंचा यांनी तीन गोल केले.

उजव्या बगलेवरून होणारा त्यांचा खेळ वर्णन करण्यास अत्यंत सोपा होता. चेंडू पायाशी घेऊन ते बचावपटूसमोर स्तब्ध उभे राहत. शरीर डावीकडे झुकवून हुलकावणी देत आणि क्षणार्धात उजवीकडून निसटून जात. ते उजवीकडूनच जाणार, हे प्रतिस्पर्ध्यालाही ठाऊक असे. तरीही तोल जाई तो बचावपटूचाच. वाकड्या पायांमुळे त्यांच्या शरीराचा झोक ओळखणे कठीण होई आणि पहिल्या काही पावलांतील त्यांचा वेग विलक्षण होता. पुष्कळदा एका खेळाडूला चकवल्यानंतर ते थांबत, त्याला पुन्हा समोर येऊ देत आणि त्याच पद्धतीने पुन्हा चकवत. प्रेक्षकांमध्ये हास्याची लकेर उमटे. १९५८ च्या प्रारंभी मेक्सिको सिटी येथे अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट संघाविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या प्रत्येक हुलकावणीला प्रेक्षकांनी बैलझुंजीतील ओले या आरोळीने दाद दिली. फुटबॉलच्या मैदानावर ही आरोळी तेव्हापासून रूढ झाली, असे मानले जाते.

क्लबच्या दृष्टीनेही हा काळ वैभवाचा होता. बोताफोगोने १९५७ मध्ये रिओ राज्याचे विजेतेपद पटकावले. १९४८ नंतरचे ते क्लबचे पहिलेच विजेतेपद होते. १९६१ आणि १९६२ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. बोताफोगोतर्फे गॅरिंचा यांनी सुमारे सहाशे सामन्यांत दोनशेहून अधिक गोल केले. त्यांच्या पासवरून सहकाऱ्यांनी केलेल्या गोलांची पद्धतशीर नोंद त्या काळात ठेवली जात नसे. बगलेवरून खेळणाऱ्या खेळाडूचे मुख्य काम गोल करून देणे हेच होते, आणि त्याच कामाचा हिशेब आज उपलब्ध नाही.

१९५८ च्या स्वीडनमधील विश्वचषक स्पर्धेसाठी त्यांची निवड झाली, परंतु पहिल्या दोन सामन्यांत त्यांना बाहेर बसावे लागले. स्पर्धेपूर्वी इटलीत फिओरेंटिना संघाविरुद्ध झालेल्या सराव सामन्यात त्यांनी बचावपटूंना आणि गोलरक्षकालाही चकवून, रिकाम्या गोलसमोर क्षणभर थांबून चेंडू आत ढकलला होता. प्रशिक्षकांना हा बेजबाबदारपणा वाटला. संघाच्या मानसशास्त्रज्ञांनी घेतलेल्या चाचणीतही त्यांना अत्यल्प गुण मिळाले होते आणि अशा तणावपूर्ण स्पर्धेसाठी ते योग्य नाहीत, असा निष्कर्ष काढण्यात आला होता. त्याच चाचणीत १७ वर्षांचे पेलेही अपरिपक्व ठरले होते. इंग्लंडविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटल्यानंतर मात्र प्रशिक्षक व्हिसेन्ते फेओला यांनी या दोघांना संघात घेण्याचा निर्णय घेतला.

१५ जून १९५८ रोजी गॉथेनबर्ग येथे सोव्हिएत संघाविरुद्धचा सामना सुरू झाला. सोव्हिएत गोलरक्षक लेव्ह याशिन यांची गणना जगातील सर्वोत्तम गोलरक्षकांत होत असे. खेळ सुरू होताच गॅरिंचा यांनी उजवीकडून मुसंडी मारली आणि त्यांचा फटका गोलखांबावर आदळला. पाठोपाठ पेले यांचा फटकाही गोलखांबावर लागला. तिसऱ्याच मिनिटाला वावा यांनी गोल केला. या तीन मिनिटांच्या खेळाची फुटबॉलच्या इतिहासातील सर्वोत्कृष्ट प्रारंभांत आजही गणना होते. ब्राझीलने तो सामना २-० असा जिंकला. स्टॉकहोममधील अंतिम सामन्यात स्वीडनने पहिला गोल केल्यानंतर गॅरिंचा यांनी उजव्या बगलेवरून जवळजवळ एकसारख्या पद्धतीने दोनदा चेंडू आत दिला आणि वावा यांनी दोन्ही वेळा गोल केला. ब्राझीलने ५-२ असा विजय मिळवून प्रथमच विश्वचषक जिंकला. गोल करणाऱ्यांच्या यादीत पेले, वावा आणि झागालो यांची नावे नोंदवली गेली. गॅरिंचा यांच्या नावावर संपूर्ण स्पर्धेत एकही गोल नव्हता.

चार वर्षांनी चिलीमध्ये परिस्थिती वेगळी होती. चेकोस्लोव्हाकियाविरुद्धच्या दुसऱ्याच सामन्यात पेले जखमी झाले आणि उर्वरित स्पर्धेत खेळू शकले नाहीत. स्पेनविरुद्ध ब्राझील पिछाडीवर असताना पेले यांच्या जागी आलेल्या अमारिल्दो यांनी दोन गोल करून संघाला तारले. त्यांतील निर्णायक गोल गॅरिंचा यांच्या क्रॉसवर झाला. १० जून १९६२ रोजी उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध गॅरिंचा यांनी उंचीने बेताचे असूनही कॉर्नर किकवर हेडर मारून पहिला गोल केला. दुसरा गोल त्यांच्या फ्री किकवर गोलरक्षकाच्या हातून सुटलेल्या चेंडूवर वावा यांनी केला, तर तिसरा गोल गॅरिंचा यांनी दूरवरून मारलेल्या वळणदार फटक्याने झाला. सान्तियागो येथे यजमान चिलीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्यांनी आणखी दोन गोल केले, एक डाव्या पायाने आणि एक डोक्याने. वावा यांच्या एका गोलसाठी कॉर्नर किकही त्यांचीच होती. केवळ हुलकावण्या देणारा खेळाडू अशी ज्यांची ओळख होती, त्यांनी मुख्य आघाडीवीराची जबाबदारी स्वीकारून ती पूर्णत्वास नेली.

उपांत्य सामन्यातच त्यांच्या कारकिर्दीतील एक वादग्रस्त प्रसंग घडला. सामनाभर लाथा सहन केल्यानंतर त्यांनी चिलीच्या एका खेळाडूला प्रत्युत्तरादाखल लाथ मारली आणि पंचांनी त्यांना मैदानाबाहेर काढले. त्या काळी अशा शिक्षेनंतर पुढील सामन्यात बंदी आपोआप लागू होत नसे. शिस्तपालन समितीने त्यांना अंतिम सामन्यात खेळण्याची मुभा दिली. हा निर्णय होण्यामागे पडद्याआड बऱ्याच हालचाली झाल्याची चर्चा आजही होते. १७ जून रोजी अंतिम सामन्यात ते अंगात ताप असताना खेळले. चेकोस्लोव्हाकियाने त्यांच्याभोवती बचावपटूंचा कडा पहारा ठेवला आणि त्यामुळे इतरांना मोकळीक मिळाली. ब्राझीलने ३-१ असा विजय मिळवला. चार गोलांसह गॅरिंचा यांचे नाव सर्वाधिक गोल करणाऱ्या सहा खेळाडूंत होते आणि ते स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. एखाद्या खेळाडूने जवळजवळ एकट्याच्या बळावर विश्वचषक जिंकून दिल्याचे उदाहरण म्हणून १९८६ च्या मॅराडोना यांचा उल्लेख केला जातो. चोवीस वर्षे आधी चिलीमध्ये असेच घडले होते.

विविध कालखंडांतील खेळाडूंची तुलना करताना त्या काळातील नियमही लक्षात घेणे आवश्यक आहे. विश्वचषक स्पर्धेत बदली खेळाडूची तरतूद आणि पिवळ्या व लाल कार्डांचा वापर १९७० मध्ये सुरू झाला. मागून केलेल्या धोकादायक टॅकलबद्दल थेट लाल कार्ड दाखवण्याची सूचना पंचांना १९९८ च्या स्पर्धेच्या वेळी देण्यात आली. गॅरिंचा यांच्या काळात बचावपटू पायांवर घाव घालत आणि बहुधा विनाशिक्षा सुटत. युरोपातील बॅलन डी’ऑर हा पुरस्कार १९९५ पर्यंत केवळ युरोपीय खेळाडूंनाच दिला जात असल्याने ब्राझीलमध्ये खेळणाऱ्या या खेळाडूंच्या नावापुढे तो दिसत नाही. आजच्या तक्त्यात त्यांचा रकाना रिकामा दिसतो, त्यामागे असे कारण आहे.

१९६२ नंतर त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडण्यास सुरुवात केली. जन्मजात व्यंग, सततचे घाव आणि अखंड सामने यांमुळे गुडघ्यांतील कूर्चा झिजली होती. बोताफोगो क्लब परदेश दौऱ्यांतून मोठे उत्पन्न मिळवत असे आणि गॅरिंचा संघात असतील तर मानधन अधिक मिळे. त्यामुळे विश्रांतीऐवजी इंजेक्शने घेऊन ते मैदानात उतरत राहिले. करारपत्र न वाचता, काही वेळा कोऱ्या कागदावरही, ते सही करत असत. आपल्या खेळाची किंमत त्यांना कधी कळली नाही आणि ज्यांना कळली होती त्यांनी ती त्यांना सांगितली नाही. १९६४ मध्ये त्यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करण्यात आली. पूर्वीची चपळता मात्र परत आली नाही.

त्यांच्या खासगी जीवनातही याच काळात वादळ उठले. गिरणीतील सहकारी नायर यांच्याशी १९५२ मध्ये त्यांचा विवाह झाला होता आणि त्यांना आठ मुली होत्या. ख्यातनाम सांबा गायिका एल्झा सोआरेस यांच्याशी त्यांचे संबंध जुळल्यावर ब्राझीलमधील जनमत एल्झा यांच्यावर उलटले. संसार मोडल्याचा सारा दोष त्यांनाच देण्यात आला. प्रत्यक्षात गॅरिंचा यांचे घर सावरण्यासाठी आणि त्यांना मद्यापासून दूर ठेवण्यासाठी एल्झा यांनी वर्षानुवर्षे प्रयत्न केले. १९६९ मध्ये गॅरिंचा चालवत असलेल्या मोटारीला अपघात होऊन एल्झा यांच्या आईचा मृत्यू झाला. या आघातातून गॅरिंचा सावरू शकले नाहीत. लष्करी राजवटीच्या काळात त्यांच्या घरावर गोळीबार झाल्यानंतर हे दांपत्य काही काळ इटलीत राहिले. मद्याच्या अमलाखाली गॅरिंचा यांनी एल्झा यांना मारहाणही केली आणि १९७७ मध्ये एल्झा त्यांच्यापासून विभक्त झाल्या. त्यांचे मोठेपण सांगताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

राष्ट्रीय संघातील त्यांचा शेवट १९६६ च्या इंग्लंडमधील स्पर्धेत झाला. बल्गेरियाविरुद्ध पेले आणि गॅरिंचा या दोघांनीही फ्री किकवर गोल करून २-० असा विजय मिळवून दिला. दोघे एकत्र खेळल्याचा हा अखेरचा सामना ठरला. पुढच्या सामन्यात पेले यांच्या अनुपस्थितीत हंगेरीने ब्राझीलला ३-१ असे हरवले. गॅरिंचा यांचा तो पन्नासावा आंतरराष्ट्रीय सामना होता, शेवटचा होता आणि ब्राझीलसाठी खेळताना त्यांनी पाहिलेला एकमेव पराभवही तोच होता. त्यानंतर कोरिन्थियन्स, फ्लामेंगो आणि शेवटी ओलारिया अशा क्लबांत त्यांनी थोडाथोडा काळ घालवला. १९ डिसेंबर १९७३ रोजी माराकाना मैदानावर त्यांच्या मदतीसाठी निरोपाचा सामना आयोजित करण्यात आला. त्यास एक लाखाहून अधिक प्रेक्षक उपस्थित होते.

सामन्यातून मिळालेला पैसाही फार काळ टिकला नाही. पुढील वर्षांत त्यांना वारंवार रुग्णालयात दाखल करावे लागले. १९८० च्या रिओ कार्निव्हलमध्ये सजवलेल्या चित्ररथावर बसवलेले, शून्यात नजर लावलेले गॅरिंचा पाहून अनेकांना धक्का बसला. २० जानेवारी १९८३ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, मद्यपानामुळे जडलेल्या यकृताच्या विकाराने रिओमध्ये त्यांचे निधन झाले. पार्थिव माराकाना मैदानावर ठेवण्यात आले. तेथून पाउ ग्रांदेकडे निघालेल्या अंत्ययात्रेच्या मार्गावर दुतर्फा हजारो लोक उभे होते. हयातीत ज्याच्या उपचारांची तरतूद होऊ शकली नाही, त्याला अखेरचा निरोप देण्यासाठी सारे शहर रस्त्यावर आले होते.

पेले आणि गॅरिंचा यांची तुलना ब्राझीलमध्ये अनेक अंगांनी केली जाते. पेले यांनी शरीराची शिस्त सांभाळली, तीन विश्वचषक जिंकले, पुढे देशाचे क्रीडामंत्रीपद भूषवले आणि २०२२ मध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दीर्घ कारकीर्द आणि सातत्य हेच श्रेष्ठत्वाचे माप मानले, तर पेले, आणि आजच्या काळात मेस्सी, यांच्या जवळ गॅरिंचा येऊ शकत नाहीत. त्यांचा ऐन बहराचा काळ जेमतेम दहा वर्षांचा होता. परंतु विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यांवर एका खेळाडूचा किती प्रभाव पडला, हे माप लावले तर १९६२ च्या गॅरिंचा यांना मागे टाकणारा खेळाडू शोधणे कठीण आहे. म्हणूनच या वादात उत्तर देण्यापूर्वी माप कोणते, हे ठरवावे लागते.

१९९८ मध्ये जाहीर करण्यात आलेल्या विसाव्या शतकाच्या जागतिक संघात पेले आणि मॅराडोना यांच्यासोबत आघाडीच्या फळीत गॅरिंचा यांना स्थान देण्यात आले. ज्यांच्या पायांमधून त्यांनी चेंडू काढला होता, ते निल्टन सान्तोसही त्याच संघात होते. राजधानी ब्राझिलियातील भव्य मैदान गॅरिंचा यांच्या नावाने ओळखले जाते. २०१४ च्या विश्वचषकासाठी प्रचंड खर्च करून त्याची पुनर्बांधणी करण्यात आली. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०१७ मध्ये, ज्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले होते तेथे त्यांचे अवशेष नेमके कोठे आहेत, हे सांगता येत नसल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. एल्झा सोआरेस यांचे निधन २० जानेवारी २०२२ रोजी, गॅरिंचा यांच्या निधनाला ३९ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी झाले.

१९५८ आणि १९६२ च्या अनेक सामन्यांची कृष्णधवल चित्रफीत आज उपलब्ध आहे. सर्वश्रेष्ठ कोण, या वादात भाग घेऊ इच्छिणाऱ्या रसिकाने इंग्लंडविरुद्धचा १० जून १९६२ चा सामना एकदा अवश्य पाहावा. त्यानंतर कोणाचेही नाव पहिल्या क्रमांकावर घ्यावे, मात्र त्या यादीतून उजव्या बगलेवरच्या या वाकड्या पायांच्या खेळाडूचे नाव वगळणे सोपे राहणार नाही.